मिठाच्या पाण्याने जंतू मरतात म्हणे!

“भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ जंतूंमधलं पाणी ओढून घेतं, ते मरतात. मग साध्या पाण्यात टाका, उरलेसुरले फुगून फुटतात.” हा निरोप पुन्हा फिरतोय. सुरुवातीचं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून पुढचं सगळं खपतं.

मीठ पाणी ओढतं, हे शाळेतलं परासरण. पण जिवाणू नुसता सुकत बसत नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू खाऱ्या पाण्यात पडला की त्याच्या पेशीपटलातले वाहक, म्हणजे रेणू आत नेणारी प्रथिनं, आधी पोटॅशियम आत ओढतात. हा तात्पुरता इलाज, कारण पोटॅशियम फार साचलं तर आतली कामं बिघडतात. मग प्रोपी आणि प्रोयू हे वाहक ऊर्जा खर्चून प्रोलीन आणि ग्लायसीन बीटेन गोळा करतात. हे रेणू भरपूर साठले तरी प्रथिनांना अपाय होत नाही आणि त्यांच्यामागोमाग पाणी परत आत येतं. हे बीटेन मिळतं कुठे? पालकात, बिटात, गव्हात. म्हणजे जंतूला तारणारी रसद आपल्याच स्वयंपाकघरात!

“मिठात एकही जंतू टिकत नाही” हा याच निरोपाचा दुसरा अवतार. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वेगळा काढायला मॅनिटॉल सॉल्ट अगार हे जंतू वाढवायचं माध्यम वापरतात. त्यात 7.5 टक्के मीठ मुद्दाम घातलेलं असतं. इतर बरेच जंतू अडतात, हा वाढतो. अन्नातून आजार पसरवणारा लिस्टेरिया तर 10 टक्के मिठातही वाढू शकतो आणि बीटेन आत आणणारे त्याचे वाहक त्याला फ्रिजच्या थंडीतही उपयोगी पडतात. आपण काय करतो? लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. दवाखान्यातल्या सलाइनमध्ये 0.9 टक्के असतं.

आता ते फुगून फुटणं. पाणी भसकन आत शिरलं की पटल ताणलं जातं, आणि त्या ताणानेच एमएससीएल व एमएससीएस या पटलातल्या वाहिन्या (झडपेसारखी छिद्रं) उघडतात. आतले क्षार आणि छोटे रेणू क्षणात बाहेर, दाब उतरला की वाहिन्या बंद. 1999 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इयान बूथ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वाहिन्या काढून टाकलेले ई. कोलाय तयार केले. खाऱ्यातून एकदम पातळ द्रावणात टाकल्यावर ते मेले. दोहोंपैकी एक वाहिनी शाबूत असलेले जगले. धडधाकट जंतूकडे तर दोन्ही असतात.

“मग लोणचं कसं टिकतं?” हा प्रश्न रास्त आहे. तिथे मीठ कितीतरी जास्त, जोडीला आंबटपणा आणि वर तेलाचा थर. तरीही मिठामुळे मुख्यतः वाढ थांबते. थांबलेला प्रत्येक जंतू मेलेला नसतो.

भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. त्यातही जंतू मरत नाहीत, पण बरेचसे निघून जातात, आणि त्याला मीठ लागत नाही.