घरी बसणं ज्यांना परवडत नाही

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना एक विषय हल्ली हमखास निघतो: सरकारी दवाखान्यांत सगळी परप्रांतीयांची गर्दी, आपल्या माणसाला खाट मिळत नाही. मी राहतो त्या कॅलिफोर्नियात हीच तक्रार मेक्सिको, ग्वाटेमालाहून आलेल्या लोकांबद्दल ऐकू येते. वाईट याचं वाटतं की ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणारी आपली मराठी मंडळीही त्यात सूर मिसळतात. दोन्हीकडच्यांना मी एकच सांगतो. 2020 साली खाटेवर कोण होतं आणि कशामुळे होतं, ते आधी नीट पाहा.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन नावाचा जुना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांचा, भाग आहे. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आणि स्थानिक लॅटिनो कार्यकर्त्यांनी मिळून सुमारे तीन हजार जणांची करोना चाचणी केली. तपासलेल्यांत लॅटिनो होते 44 टक्के. लागण झालेल्यांत 95 टक्के. आणि लागण झालेल्या दहांपैकी नऊ जण म्हणाले की घरून काम करण्याची आम्हाला सोयच नाही. शहर बंद होतं, पण ते चालू ठेवणारे हात यांचेच होते: भांडी घासणारे, इमारती झाडणारे, डबे पोहोचवणारे. त्याच वर्षी जुलैत मुंबईत माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली आणि बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. ‘लोक शिस्त पाळत नाहीत’ असं तेव्हा दोन्हीकडे म्हटलं गेलं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर अंतर पाळायचं कुठे?

आमच्या भागातल्या बऱ्याच भारतीय हॉटेलांच्या मुदपाकखान्यात लॅटिनो माणसं राबतात. माझ्या ओळखीचा एक जण मूळचा मेक्सिकोतल्या वहाकाचा. मोहरी तडतडल्यावर हिंग कधी घालायचा हे त्याला आपल्याइतकंच पक्कं ठाऊक. त्या हिवाळ्यात त्याला ताप आला, पण तीन दिवस तो कामावर येतच राहिला, कारण खाडा म्हणजे पगार नाही. श्वास पुरेना तेव्हाही दवाखान्यात जायला तयार नव्हता: बिल येईल आणि नाव कुठेतरी लिहिलं जाईल. शेवटी भावाने नेलं. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. ऑक्सिजनवर असताना त्याला घोर होता तो घरभाड्याचा, हे मला त्याच्या भावानेच सांगितलं.

हा एकट्याचा अनुभव नव्हे. डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या सार्वजनिक रुग्णालयांत दाखल झालेल्या साठ लॅटिनो रुग्णांशी संशोधक सविस्तर बोलले, तेव्हा हेच पुढे आलं. रोजच्या पोटापुढे करोना ही दूरची भीती होती. दवाखान्याची पायरी चढायची वेळ येईपर्यंत फार उशीर झालेला असे. वास्तविक 1986 पासून इथे कायदा आहे की तातडीच्या रुग्णाला कागदपत्रं न बघता तपासलंच पाहिजे. पण भीती घालणारे नियमही तेवढेच ठळक होते. सरकारी मदत घेतली तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज अडेल, अशी व्यापक तरतूद फेब्रुवारी 2020 मध्येच लागू झाली होती. मार्चमध्ये माणशी 1200 डॉलरची मदत मंजूर झाली. सोशल सिक्युरिटी नंबर (कायदेशीर कामासाठी लागणारा सरकारी क्रमांक) नसलेल्यांना, ते कर भरत असले तरी, एक छदाम मिळाला नाही. आजारपणाच्या भरपगारी रजेचा जो तातडीचा कायदा झाला, त्यातून 500 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या खासगी कंपन्या वगळल्या. एप्रिलअखेर मांस कारखाने चालू राहावेत म्हणून राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. त्या कारखान्यांत कामाला कोण असतं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्यातून शहाणपण आलं म्हणावं, तर जानेवारी 2025 मध्ये रुग्णालयांना स्थलांतरितांच्या धरपकडीपासून मिळणारं संरक्षण अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढून घेतलं. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कागदपत्रं नसलेल्या सर्व वयाच्या गरिबांना आरोग्यविमा खुला केला होता. जानेवारी 2026 पासून तिथेही नव्या प्रौढांची नोंदणी बंद.

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड नाहीतर अधिवासाचा दाखला लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बिहारच्या मजुराने तो आणायचा कुठून? मे 2020 मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशकडे चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. काम थांबलं की राज्यात त्यांचं काहीच उरत नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. आणि हे फक्त परप्रांतीयांचं नाही. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्यावर आजारी पडला तर त्याचीही खाड्याची मजुरी कापलीच जाते.

सॅन फ्रान्सिस्कोने जुलै 2020 मध्ये केलं ते मला पटतं. चाचणीत बाधित आलेल्या, आणि घरी बसल्याने मजुरी बुडणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांच्या किमान वेतनाएवढे 1285 डॉलर दिले, कागदपत्रं न विचारता. मुंबई, पुणे, नागपूरच्या महापालिकांनी कंत्राटी सफाई कामगारांपासून आणि बांधकाम मजुरांपासून अशी सुरुवात करावी. साथ आली की चौदा दिवसांची मजुरी, चाचणीच्या कागदावर, मूळ गाव न विचारता. बांधकाम कामगारांसाठी उपकर गोळा होतोच. त्यातला थोडा वाटा आजच या कामासाठी बाजूला काढता येईल.