उरलेला डेटा पुढच्या दिवशी मिळावा

रोजचा दीड जीबी मोबाइल डेटा सामान्य ग्राहकाला पुरेसा आहे, हे एका लेखातील मत मला पटले नाही. पाच एमबीपीएस वेगाने येणारा फुल एचडी व्हिडिओ तासाला सुमारे २.२५ जीबी डेटा घेतो. म्हणजे विरारहून चर्चगेटला निघालेल्या प्रवाशाची दिवसभराची मर्यादा अंधेरी येण्यापूर्वीच संपू शकते. त्यानंतर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर व्हिडिओ चालणे अशक्यच असते. याउलट, माझ्या आईचा बराचसा डेटा रोज वापराविना राहतो आणि पैसे भरलेले असूनही मध्यरात्री रद्द होतो, ही गोष्ट मला अधिक अन्यायकारक वाटते.

काही वाचकांनी ठरावीक ॲपसाठी लागणारा डेटा मोफत करण्याची मागणी केली आहे. मात्र, ग्राहक काय पाहतो किंवा कोणते ॲप वापरतो त्यानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये मनाई केली आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण अन्यथा आपण काय पाहावे हे कंपन्याच ठरवू लागल्या असत्या. त्यापेक्षा काही पोस्टपेड योजनांप्रमाणे प्रीपेड ग्राहकांनाही उरलेला डेटा किमान रिचार्जची मुदत संपेपर्यंत वापरता यावा.