थकलेले भाडे वसूल करण्याची सुसंस्कृत रीत

आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या पठारावर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि 2016 पासून त्याच आवारात आयआयटीही चालते, तेव्हा भाडेकरूंची ददात पडण्याचे कारण नाही. भाड्याची मात्र पडेल.

पाया पक्का हवा, म्हणून करारनामा करू नये. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेणे म्हणजे उघड अविश्वास. मुलगा पेडण्याचा, त्याचे आजोबा आपल्या मावसभावाच्या ओळखीचे, एवढी माहिती कोणत्याही मुद्रांकापेक्षा भारी असते. पोलीस ठाण्यात द्यावयाचा भाडेकरू पडताळणीचा अर्ज कपाटात, विम्याच्या जुन्या पावत्यांखाली, जपून ठेवावा. शेजाऱ्यांनी विचारल्यास मुलगा पाहुणा आहे असे सांगावे. भाडे रोख घ्यावे आणि पावती देऊ नये. प्राप्तिकराच्या कायद्यात घरभाड्याच्या उत्पन्नावर एकही बिल न मागता 30 टक्के वजावट मिळते हे खरे, परंतु ती घ्यायची तर उरलेले 70 टक्के कबूल करावे लागतात, आणि आपल्यासारख्या सज्जनाने सरकारला उगाच आकडेमोड का करायला लावावी?

भाडे थकू लागले की ते मागू नये, सुचवावे. टाकी भरली का ते पाहण्याच्या निमित्ताने वर जावे, दारातल्या चपलांच्या सहा जोडांकडे (मुले दोनच ठेवली होती, हे विसरावे) न पाहिल्यासारखे करावे आणि जाता जाता महागाईचा विषय काढावा. मुलगाही सुसंस्कृत असल्याने तो महागाईविषयी आपल्याहून अधिक तळमळीने बोलेल. रात्री उशिरा परतणाऱ्याला जिन्याखाली गाठण्याचा बेत मात्र सहसा फसतो, कारण तो चपला हातात घेऊन चढतो. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या गरम पातोळ्या वर पाठवून पाहाव्यात. भांडे रिकामे परत करू नये ही रीत त्याच्या आईने त्याला नीट शिकवलेली असते, त्यामुळे ताट धुऊन-पुसून, मूठभर साखर घालून परत येते. भाडे चवथीची सुट्टी संपल्यावर देतो, असा निरोपही सोबत येतो.

एवढ्यावर भागले नाही, तर कायद्याचे नाव काढावे, पण नावच. गोव्याच्या 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले आणि नोंदणीकृत डाकेने पाठवलेली नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ते भरले नाही, तर भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी भाडे नियंत्रकाकडे अर्ज करता येतो. तेथे करार कुठे, पावत्या कुठे, असे विचारतील. आणि आपण तर वाड्यावर सर्वांना पाहुणा म्हणून सांगून बसलेले. संतापाच्या भरात वीज किंवा पाणी तोडू नये. तसे केल्यास मुलगा तक्रार घेऊन त्याच पोलीस ठाण्यात जाईल, जिथला कोरा अर्ज आपल्या कपाटात आहे.

दिवाणी दाव्याचा मार्गही खुलाच आहे. थकलेल्या भाड्यासाठी त्याची मुदत तीन वर्षांची, आणि अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यामुळे पहिल्या वर्षातली बाकी त्याच्या पदवीदानापूर्वीच निमूटपणे कालबाह्य होते आणि आपल्यावरचा एक भार हलका होतो.

अखेरच्या सत्राची परीक्षा संपली की तो गादी गुंडाळून खाली येईल. त्याला बसवावे, सोलकढी द्यावी. तो वाकून नमस्कार करील, काकींच्या हाताला चव आहे असे म्हणेल आणि मग, थोडे अवघडून, अनामत रकमेची आठवण करून देईल. थकबाकीची यादी आपण दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिलेली असते आणि मागच्या वर्षाची दिनदर्शिका तर रद्दीत गेलेली असते. अनामत मात्र त्याच्या वडिलांनी बँकेतून पाठवली होती, आणि तिची नोंद त्याच्या मोबाईलमध्ये तारखेसकट आहे.