इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यायचा, पण कोणासाठी?

सणासुदीचे सेल सुरू झाले की नात्यागोत्यातले कोणी ना कोणी मला विचारतेच, की इलेक्ट्रिक टूथब्रश घेण्यात खरेच काही अर्थ आहे का. विचारणारा बहुधा तिशीतला, धडधाकट आणि नुकताच बोनस हातात पडलेला असतो. माझे उत्तर ठरलेले आहे आणि ते फारसे कोणाला रुचत नाही: घरात असा एकच ब्रश घ्यायचा असेल, तर तो आजीसाठी किंवा आजोबांसाठी घे, तुझे साध्या ब्रशवर उत्तम भागेल.

मुळात हा ब्रश जन्माला आला तोच अशा माणसांसाठी. स्वित्झर्लंडमध्ये 1954 साली फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ तयार केला, तेव्हा ज्यांच्या हातांची हालचाल नीट होत नाही आणि ज्यांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत, असे रुग्ण नजरेसमोर होते. तो थेट भिंतीवरच्या प्लगला जोडावा लागे. बिनवायरचे, चार्ज होणारे ब्रश पुढच्या दशकात आले. आज जाहिरातीत मात्र आरशासमोर उभे राहून हसणारे तरुण जोडपेच दिसते, आणि ज्यांना या यंत्राची सर्वाधिक गरज आहे ते त्या चित्रातून पार बाहेर गेले आहेत.

इलेक्ट्रिक ब्रशचा उपयोग होत नाही, असे माझे म्हणणे नाही. कॉक्रेन या संस्थेने 2014 साली 51 चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशने दातांवरचा थर साध्या ब्रशच्या तुलनेत 21 टक्के, तर हिरड्यांची सूज 11 टक्के अधिक कमी झाल्याचे आढळले. फरक खरा आहे. मात्र प्रत्यक्ष दातांच्या आरोग्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किती, हे स्पष्ट नसल्याचेही त्याच आढाव्यात नोंदवले आहे, आणि दुकानदार सांगतो तो नेमका पहिला अर्धा भाग.

दातांवर साचणारा थर मऊ असतो. तो काढायला जोर लागत नाही. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेपर्यंत पोहोचावे लागतात, आणि तिथे पुरेसा वेळ द्यावा लागतो. ज्याची बोटे आणि मनगट शाबूत आहे, त्याने ‘सॉफ्ट’ लिहिलेला चाळीस-पन्नास रुपयांचा ब्रश हिरडीशी साधारण 45 अंशांत धरून, अगदी लहान लहान हालचालींनी दोन मिनिटे फिरवला, तर दातांची निगा चांगली राहते. आपण प्रत्यक्षात काय करतो? ‘हार्ड’ ब्रश घेऊन कढई घासल्याच्या आवेशात अर्ध्या मिनिटात मोकळे होतो, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू रोज विसरतो, आणि काही वर्षांनी दातांच्या मुळाशी खाचा पडून गार पाणी झोंबू लागले की पेस्ट बदलतो. अशा आडदांड घासणाऱ्यांना दाब वाढताच दिवा लागणारा इलेक्ट्रिक ब्रश उपयोगी पडेल, हे मी मान्य करतो. दोन मिनिटांच्या टायमरसाठी मात्र हजारो रुपये देण्याचे कारण नाही; घड्याळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

आता माझ्या आईचे उदाहरण सांगतो. तिला संधिवात आहे. साध्या ब्रशची बारीक दांडी धरायला बोटे पुरती मिटत नाहीत आणि दाढांच्या आतल्या बाजूला जाण्यासाठी मनगट जेवढे वळायला हवे, तेवढे वळत नाही. इलेक्ट्रिक ब्रशची जाड मूठ तिच्या अर्धवट मिटलेल्या हातातही व्यवस्थित बसते, आणि घासण्याचे काम यंत्र करत असल्यामुळे तिला फक्त ब्रश एका दातावरून दुसऱ्या दातावर सरकवावा लागतो. दोन गोष्टी मात्र शिकवाव्या लागल्या. बटण दाबायचे ते ब्रश तोंडात गेल्यावरच, नाहीतर सगळी पेस्ट आरशावर उडते. आणि सवयीने मागे-पुढे घासायचे नाही, प्रत्येक दातावर ब्रश क्षणभर नुसता टेकवायचा. सुरुवातीला हिरड्यांना गुदगुल्या होतात म्हणून तिने कुरकुर केली. आता चार्जिंग संपत आले की तीच आठवण करते.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या माणसाचे दात दुसऱ्याला घासून द्यावे लागतात, तिथेही हा ब्रश काम हलके करतो. त्या व्यक्तीला ताठ बसवावे, पेस्ट अगदी थोडी घ्यावी, आणि गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

खर्चाचे गणित ब्रशच्या किमतीवर संपत नाही. ब्रशचे डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागते आणि एका डोक्याच्या पैशांत अनेकदा चार-पाच साधे ब्रश येतात. त्या कंपनीची डोकी आपल्या गावात मिळतात का, किंवा घरपोच येतात का, हे आधी पाहावे. डोके रोज काढून धुतले नाही तर खालच्या दांड्याभोवती काळा चिकट मळ साचतो. वयस्कर माणसाला ते दिसत नाही, त्यामुळे ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावे. दातांच्या फटी दोन्हींपैकी कोणताही ब्रश साफ करत नाही. त्यासाठी फ्लॉस किंवा फटींत जाणारा बारीक ब्रश वेगळा लागतो. आणि ज्या घरात अजून मिश्री लावली जाते, तिथे ब्रश कोणता हा प्रश्न फार पुढचा आहे, आधी ती तंबाखू सुटली पाहिजे.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा सुनेने असा ब्रश पाठवला असेल, तर चार्जरच्या तळावरचा मजकूर वाचल्याशिवाय तो प्लगमध्ये लावू नये. तिथे 100–240 व्होल्ट लिहिले असेल तर चिंता नाही. नुसते 110 किंवा 120 असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर तो चार्जर जळेल. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी वापरण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे; तशी सूचना बऱ्याच ब्रशच्या माहितीपत्रकातच असते, फक्त ती इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती वाचता येत नाही.