रॅम वाढवली, तरी लग्नाचा व्हिडिओ का अडखळतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फोर-के व्हिडिओ अडखळण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. लेख इंजिनिअर लोकांसाठी आहे, घरच्या माणसाला कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) वगैरे कळत नाही. रॅम आणि एसएसडीला मी नको तो खर्च म्हटलं, पण तुमच्या दुकानदाराने नेमकं तेच बसवलं आणि कॉम्प्युटर पळायला लागला. माझं ऐकून ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरऐवजी चिपमधल्या खास सर्किटाला देणारं सेटिंग) चालू केलंत, तर व्हिडिओवर हिरवे पट्टे आले. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की पुतणीच्या लग्नाचा फोनवर काढलेला व्हिडिओ अजूनही अडखळतोच.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

तुमचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्हचा आहे. ही पिढी २०१३ साली बाजारात आली. व्हिडिओची फाइल दाबून लहान केलेली असते आणि बघताना प्रत्येक चित्र त्या क्षणी उलगडावं लागतं. हे काम दोघांपैकी एक जण करतो: चिपमधलं खास त्यासाठीच असलेलं सर्किट, नाहीतर स्वतः प्रोसेसर. तुमच्या चिपमध्ये एच.२६४ या पद्धतीसाठी असं सर्किट आहे. त्यामुळे जुने फुल एचडी व्हिडिओ तुमच्याकडे मजेत चालतात. पण आजचे बरेच फोन एचईव्हीसी या नंतरच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात. आयफोन तर २०१७ पासून. एचईव्हीसीचं मानकच २०१३ मध्ये ठरलं. इंटेलने त्याचं पूर्ण सर्किट २०१५ च्या सहाव्या पिढीत दिलं आणि १०-बिट (म्हणजे जास्त रंगछटांच्या) एचईव्हीसीसाठी सातव्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ लावला की तुमच्या प्रोसेसरवर सगळं ओझं पडतं. फोर-के आणि सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी पिक्सेल. त्याला ते झेपत नाही, मग प्लेअर मधली चित्रं गाळतो. सनई नीट ऐकू येते आणि वरात मात्र झटके खात पुढे सरकते, ते यामुळे.

आता रॅम आणि एसएसडी. आयफोनवर फोर-के ६० चा एचईव्हीसी व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी जागा घेतो. म्हणजे सेकंदाला ७ एमबीपेक्षाही कमी. चांगल्या स्थितीतली साधी जुनी हार्ड डिस्क सलग वाचताना याच्या दहापट वेग सहज देते. तेव्हा डिस्क इथे अडत नव्हतीच. रॅमचंही तेच: फाइल थोडी थोडी वाचली जाते, सगळी एकदम रॅममध्ये चढत नाही. तुमच्या दुकानदाराने तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. विंडोज चटकन सुरू होतं, ब्राउझरचे दहा टॅब उघडता येतात, हा फायदा खराच आहे. शिवाय आधी एकच रॅमची पट्टी असेल आणि आता जोडी झाली असेल, तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याने हातभार लागतो. पण तुम्ही दुकानात गेलात ते व्हिडिओसाठी, आणि पैसे मोजूनही तो तिथेच अडखळतोय. घरोघरी असं होताना पाहतो तेव्हा मला वाईट वाटतं. म्हणूनच खरेदीच्या आधी तपासणी करा, हे मी पुन्हा पुन्हा लिहितो आणि लिहीत राहीन.

ही तपासणी इंजिनिअरची नाही. लग्नाचा व्हिडिओ व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा आणि कंट्रोल धरून जे दाबा. खिडकी उघडेल, तिच्यात कोडेकपुढे एचईव्हीसी (HEVC) किंवा एच.२६५ (H.265, त्याचंच दुसरं नाव) दिसतं का पाहा. त्याच खिडकीत स्टॅटिस्टिक्सचा टॅब आहे, तिथे गाळलेल्या चित्रांचा आकडा असतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. व्हिडिओ चालू असताना सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९०-१०० टक्क्यांवर गेला आणि जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावरचा व्हिडिओ डीकोडचा आलेख मात्र पडूनच राहिला, तर निदान झालं. सीपीयू निवांत असूनही अडखळत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं. टक्के सुरुवातीला ठीक असतील आणि पंधरा-वीस मिनिटांनी अडखळायला लागत असेल, तर आधी कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढा. चिप तापली की स्वतःचा वेग उतरवते.

हिरव्या पट्ट्यांचा राग मी समजू शकतो. पण ते बहुतेक वेळा जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे येतात. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा इंटेलच्या साइटवरून तुमच्या चिपसाठीचा शेवटचा ड्रायव्हर टाकून बघा. तरीही पट्टे आले, तर ब्राउझरमध्ये ते सेटिंग खुशाल बंद ठेवा आणि यूट्यूब १०८०पी किंवा ७२०पीवर पाहा. व्हीएलसीचं सेटिंग वेगळं असतं, तिथे ते चालूच राहू द्या. ‘सगळीकडे बंद करा’ हा सल्ला इंटरनेटवर फार फिरतो आणि तो मला पटत नाही. बंद केलं की जे एच.२६४ सर्किटावर आरामात चाललं असतं, तेही प्रोसेसरच्या डोक्यावर येतं.

मग लग्नाच्या व्हिडिओचं करायचं काय? माझं स्पष्ट मत: काही विकत घेऊ नका. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यातला ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार पर्याय निवडा आणि रात्री झोपताना काम लावून द्या. जुन्या मशीनवर वेळ लागेल. सकाळी एच.२६४ मधली प्रत मिळेल, ती तुमचं सर्किट सहज उलगडेल. मूळ फाइल मात्र अजिबात पुसू नका. लग्न परत होणार नाही आणि उद्या नवा कॉम्प्युटर आला की तीच फाइल पूर्ण तपशिलात पाहता येईल. पुढच्या कार्यक्रमांसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच १०८०पी ३० आणि एच.२६४ निवडता येतं. आयफोनवर त्या पर्यायाचं नाव ‘मोस्ट कम्पॅटिबल’ आहे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच ठरलं, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानात स्वस्त म्हणून एनव्हिडियाचं जीटी ७१० किंवा ७३० पुढे केलं जातं. त्यांत एचईव्हीसीचं सर्किट नाही, म्हणजे पैसे जातील आणि वरात अडखळतच राहील. जीटी १०३० मध्ये ते आहे, १०-बिटसकट.

भावाच्या नव्या लॅपटॉपवरही सिनेमात कॅमेरा आडवा फिरला की झटके दिसतात, त्यावरून तुम्ही माझं म्हणणं खोडून काढलंत. तो वेगळा प्रकार आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, स्क्रीन ६० हर्ट्झची. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवलं जातं. त्यात एकही चित्र गळत नाही. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ४८ किंवा १२० हर्ट्झ मिळत असेल, तर ते निवडून तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगा.

तुमच्या घरचा टीव्ही फोर-के असेल, तर तो बहुधा एचईव्हीसी थेट चालवेल. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल टाकून बघा. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ या जुन्या फॉरमॅटच्या ड्राइव्हवर ती बसणार नाही, ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करावा लागेल. टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं का ते आधी पाहा, आणि फॉरमॅट करण्यापूर्वी ड्राइव्हवरचं बाकी सगळं दुसरीकडे काढून ठेवा. एवढं करूनही अडलंच, तर व्हीएलसीच्या त्या खिडकीतलं कोडेक, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट इथे लिहा, पुढचं आपण मिळून शोधू.