दोन डिग्र्या, की एका डिग्रीत दोन विषय? ओहायोहून अमळनेरच्या ग्रुपला

आमच्या अमळनेरच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच रवंथ चाललंय, पुतण्याची बारावी झाली, आता त्याने डबल मेजर घ्यायचं का डुअल डिग्री करायची. भांडणारे सगळे ह्या दोन्ही गोष्टी एकच धरून भांडतायत. नाना म्हणतात दोन डिग्र्या असल्या की दोन्हीकडच्या जागांना फॉर्म भरता येतो, आबा म्हणतात एक तर धड कर, आणि मधेच कुणीतरी क्लासवाल्याचं पोस्टर टाकतो, लाल अक्षरात "एकाच वेळी दोन डिग्री".

इथे अमेरिकेत त्यात सरळ फरक आहे. डबल मेजर म्हणजे डिग्री एकच, फक्त तिच्यात दोन विषय पूर्ण करायचे. चार वर्षांची डिग्री साधारण 120 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्सच्या अभ्यासाचं माप), त्यातले सगळ्यांना सारखे असलेले कोर्स एकदाच करायचे आणि काही कोर्स दोन्ही मेजरला चालतात, त्यामुळे पहिल्यापासून हिशोबाने चाललं तर चार वर्षांतच उरकतं. डुअल डिग्री म्हणजे खरोखर दोन डिग्र्या, एक बीए एक बीएस वगैरे, त्याला बऱ्याच युनिव्हर्सिट्या अजून 30 एक क्रेडिट मागतात, म्हणजे अख्खं एक वर्ष वाढलं आणि त्या वर्षाची फी पण.

आमच्या शेजारच्या पोरीने इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स असं डबल मेजर केलं. पहिल्याच सेमिस्टरला तिने एक शीट बनवली होती, डावीकडे एका मेजरचे कोर्स, उजवीकडे दुसऱ्याचे, आणि जे दोन्हीकडे धरले जाणार, कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी, त्यांना पिवळा रंग. पिवळं जितकं जास्त तितका बापाचा खर्च कमी, एवढं साधं गणित. पास झाल्यावर तिने सर्टिफिकेट दाखवलं तर त्याच्यावर विषयांची नावंच नाहीत, इथे बऱ्याच ठिकाणी छापत नाहीत, ती ट्रान्सक्रिप्टवर असतात. असा कागद घरी आणला तर नाना पहिलं विचारतील, "त्याना उपेग काय शे?" (इथलं सगळंच भारी असं पण नाही हां, एक कॉम्प्युटर सायन्स घरच्यांसाठी आणि एक म्युझिक स्वतःसाठी अशी वाटणी इथेपण घरोघर चालते.)

आता आपल्याकडचं. 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिली, दोन्ही कॉलेजात बसून करायचे तर तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, नाहीतर एक कॉलेजात आणि एक मुक्त किंवा ऑनलाइन, नाहीतर दोन्ही तसे. पीएचडी यात नाही. आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिटच्या चौकटीत डबल मेजर पण आहे, दुसऱ्या विषयाचे किमान 40 टक्के क्रेडिट पाहिजेत, म्हणजे तीन वर्षांच्या 120 मधले 48. कागदावर दोन्ही रस्ते मोकळे.

पण तासांच्या वेळा जुळवणार कोण? पारोळा, धरणगावकडच्या खेड्यातून पासवर येणारं पोरगं सकाळच्या एसटीने येतं आणि ती परतीची गाडी चुकली की रात्र होते, त्याने सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात बसावं हे म्हणणाऱ्याने आधी आमच्या स्टँडवर एक दिवस उभं राहून बघावं. म्हणून मला वाटतं आपल्या भागातल्या पोरांना डुअल डिग्रीपेक्षा डबल मेजर जास्त कामाचं आहे, कॉलेज एक, फी एक, येणंजाणं एक, आणि विषय दोन. आणि नेमकं तेच मिळत नाही, कारण दुसरं मेजर द्यायला त्या विषयाला पुरेसा स्टाफ लागतो आणि जिथे आधीच निम्मे तास सीएचबीवाल्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, सरांच्या जिवावर निघतात तिथे मायनर, म्हणजे जोडीचा छोटा विषयसुद्धा पोराच्या आवडीने ठरत नाही, जे सर हजर तो विषय. ग्रुपवर यावर कुणी बोलत नाही, सगळा जोर सर्टिफिकेटं एक का दोन यावर.

परदेशाचं म्हणाल तर एजंट लोक "एमएस प्लस एमबीए डुअल" असं काय काय विकतात, त्यांना एवढंच विचारा की याच्यावर ओपीटी किती मिळेल. शिकल्यानंतर कामाची ती जी 12 महिन्यांची परवानगी असते ती एका पातळीला एकदाच मिळते आणि एमएस, एमबीए दोन्ही मास्टर्सच, त्यामुळे डिग्री दुसरी आली तरी परवानगी दुसरी येत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवून पोरगं पाठवणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं.

दुसरी डिग्री पाहिजेच असेल तर ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नाहीतर ऑनलाइन कर, पुतण्याला मी हेच सांगितलंय, एसटीचा प्रश्नच मिटतो. आणि डबल मेजर घ्यायचं तर ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन दोन्ही डिपार्टमेंटचं मागच्या वर्षीचं टाईमटेबल मागून बघ, माहितीपुस्तिकेतलं नाही, नोटीस बोर्डावर लावलेलं, आणि त्यात दुसऱ्या विषयासमोर सरांचं नाव आहे का नुसती रेघ मारलीय ते बघ.