अरे, शेवट दाखवा ना एकदाचा!

हे 'भाग पहिला' प्रकरण आता खरंच डोक्यात जायला लागलंय. २०१५ ला बाहुबलीनं कटप्पाचं कोडं घालून दोन वर्षं लटकवलं, ते ठीक, पिक्चरच तसा होता. पण म्हणून प्रत्येकानं तेच करायचं? २०२३ च्या डिसेंबरात सालार अर्धा, २०२४ ला कल्की अर्धा, मग देवरा अर्धा, आणि तिकीट मात्र पूर्ण! त्यात आम्ही कोकणातले, पिक्चर बघायला आधी तालुक्याला जायचं, एसटीचं टायमिंग बघायचं, शो सुटल्यावर गाडी गेलेली असली की कुणाच्या तरी टमटममध्ये लटकून घरी, आणि एवढं करून बघितलं काय तर हिरो वळून बघतो, स्क्रीन काळी, 'लवकरच भेटू'. कल्कीला आईला घेऊन गेलेलो, लाइट लागले तरी ती जागची उठेना, म्हणते, "आणि शेवट खंय?" काय सांगणार तिला.

आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालतो पण पहाटे दहीकाला होऊन विषय संपतो, राक्षस मरायचा राहिला, पुढच्या जत्रेला या असं कुणी सांगत नाही.

छावा बघा, संपला. रडवलं आणि संपला, झालं! आता रामायण पण दोन भागात, २०२६ च्या दिवाळीला एक नि २०२७ च्या दिवाळीला दुसरा. अरे, गोष्ट अख्ख्या देशाला पाठ आहे, त्यात कसला सस्पेन्स? (जाणार आहेच मी, पहिल्याच दिवशी, ते सोडा.)